लॅमिंग्टन रोडची वारी

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक काळा, चपटा डीव्हीडी प्लेअर आहे. २००५ सालच्या दिवाळीत, माझी कॉलेजातली नोकरी कायम झाली त्या आनंदात, आम्ही तो घेतला. त्या वर्षी शेजारची मंडळी आमच्याकडे सिनेमा पाहायला येत असत. पुढे त्यांच्याकडे आमच्याहून चांगले प्लेअर आले, आणि ते अडगळीत जाऊनही आता बराच काळ लोटला. आमचा मात्र जागचा हलला नाही. दर दिवाळीच्या साफसफाईला आमची ही त्याच्याकडे केरसुणी रोखून विचारते, "हा यंदा जायचा का?" आणि मी दर वर्षी उत्तर देतो, "पुढच्या वर्षी पाहू."

माझ्या या चिवटपणाला एक कारण होते. एम. ए. ला असताना मला ओव्या जमवण्याचा नाद लागला होता. २००२ च्या मे महिन्यात मी वाईजवळच्या आमच्या गावी गेलो, जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला आणि आजीला दळायला बसवले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर सत्तर मिनिटे ओव्या भरल्या. दोन वर्षांनी त्या कॅसेटवरून एक सीडी करून घेतली, तिच्यावर गोल कागद चिकटवला आणि मोठ्या झोकात अक्षर काढले: 'आजीच्या ओव्या'. कॅसेटला पुढे बुरशी आली व ती गेली. २००९ साली आजीही गेली. राहिली ती सीडी, आणि ती वाजवणारा हा प्लेअर.

यंदा श्रावणात साताऱ्याहून ताईचा फोन आला. भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. ताई म्हणाली, "हळद दळायच्या वेळी आजीच्या ओव्या लावायच्या. तू घेऊन ये. हल्लीच्या पोरींना एकही येत नाही, निदान तिचा आवाज तरी असू दे जात्यापाशी." मी मोठ्या ऐटीत 'हो' म्हटले, फोन ठेवला, सीडी काढली, प्लेअरच्या ताटलीत ठेवली. ताटली आत गेली. थोडी घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरे उमटली: 'नो डिस्क'.

तबकडी आत आहे, मी माझ्या हाताने ठेवली आहे, आणि यंत्र सांगते आहे की तबकडीच नाही! पुसून पुन्हा लावली, तेच. मग सिनेमाची एक डीव्हीडी लावून पाहिली. ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. कॉलेजातल्या नव्या संगणकांना तबकडी घालायची सोयच नाही. एका जुन्या संगणकात ती घातली, तेव्हा आतून पंखा फुटल्यासारखा आवाज झाला आणि संगणकच गपगार झाला. तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने प्लेअरवर सिनेमा लावून पाहिला आणि सांगितले, "सर, प्लेअर ठणठणीत आहे. तबकडी गेली तुमची." शेजारच्या दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी मात्र मान हलवली. म्हणाले, "इतक्यात पिंडदान करू नका. हे काम आम्ही सोडलं आता. एकदा लॅमिंग्टन रोडला जाऊन या."

अशा रीतीने एका शनिवारी मी सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये बसलो. मांडीवर हिच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला प्लेअर, आणि खिशात पाकिटात घातलेली सीडी. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीने नाना तऱ्हेचे प्रवासी पाहिले असतील. पण तान्ह्या मुलाला घ्यावे तसा डीव्हीडी प्लेअर घेऊन बसलेला प्राध्यापक बहुधा तिलाही नवा असावा. खंडाळ्याच्या घाटात समोरच्या पासवाल्यांनी चौकशी केली, आणि मग साऱ्या डब्याला कंठ फुटला.

प्रत्येकाच्या घरी एक प्लेअर होऊन गेला होता, आणि प्रत्येकाजवळ त्याची एक कथा होती. एकाचा वर्षाच्या आत बंद पडला. हमीपत्राची मुदत संपून आठच दिवस झाले होते. दुसऱ्याचा पंधरा वर्षे बिनतक्रार चालला आणि घर बदलताना चुकून भंगारात गेला. तिसरे गृहस्थ बँकेतले. बराच वेळ ऐकून घेऊन ते हळूच म्हणाले, "आमच्या वडिलांच्या साठीशांतीची तबकडी आहे कपाटात. वडील आता नाहीत. दर वर्षी ती काढतो, पुसतो आणि परत ठेवतो. वाजवायला घरात काहीच नाही." त्यानंतर कर्जतपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धरली आणि ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलो. तिथून लॅमिंग्टन रोड पाच-सात मिनिटांच्या पायवाटेवर आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव या रस्त्याला मिळाले. पाटीवर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते. पण टॅक्सीवाल्याला 'भडकमकर मार्ग' म्हटले तर तो क्षणभर विचारात पडतो. एके काळी हा रस्ता सिनेमाचा. नाझच्या इमारतीत चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्यांची दाटी असे, आणि १९७५ साली मिनर्व्हाला लागलेला 'शोले' पाच वर्षे तिथे ठाण मांडून होता. मिनर्व्हाची ती वास्तू आज उभी नाही. सिनेमावाले गेले आणि रस्ता वायर, ट्रान्झिस्टर आणि स्पीकरवाल्यांचा झाला.

इथली दुकाने पाहताना मला आमच्या मंडईतल्या मसाल्याच्या गाळ्यांची आठवण झाली. जिथे लवंग-वेलदोडे असायचे तिथे खणाखणांतून मुगाएवढे, मिऱ्याएवढे कपॅसिटर आणि रेझिस्टर. वायर वारावर नव्हे, मीटरवर. कॅमेरे, माइक, संगणक, बिनतारी फोन. हातगाड्यांच्या चाकांत पाय येऊ न देता आणि साडीतला प्लेअर न आपटता चालणे ही एक तपश्चर्याच होती. चार ठिकाणी विचारले. तिघांनी नवीन माल दाखवला. चौथ्याने एका जुन्या इमारतीच्या लाकडी जिन्याकडे बोट केले आणि म्हणाला, "वर चाचांकडे जा."

चाचा म्हणजे सत्तरीच्या आसपासचे, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान गृहस्थ. डोळ्यांवर जाड चष्मा, कपाळावर दुसरे भिंग. खोली जेमतेम आठ बाय दहाची आणि तिच्यात जमिनीपासून आढ्यापर्यंत निकामी प्लेअरांच्या चळती. बाकावर तीन गिऱ्हाइके आधीच बसलेली होती. मी चौथा. डॉक्टरच्या दवाखान्यात रोगी जसे आपसांत रोगाविषयी बोलू लागतात, तसे आमचे सुरू झाले.

पहिले एक वृद्ध पारशी गृहस्थ. त्यांचा सीडी प्लेअर १९८७ साली त्यांच्या भावाने परदेशातून आणलेला. दररोज सकाळी तासभर ते त्यावर पाश्चात्त्य संगीत ऐकतात. इतक्या वर्षांत तीनदा दुरुस्ती. "धिस इज नॉट रिपेर," ते म्हणाले, "धिस इज लाइक हेअरकट." दुसऱ्या गिरगावातल्या नृत्यशिक्षिका. एका कार्यक्रमात त्यांचा प्लेअर मध्येच अडखळला आणि दहा वर्षांची मुलगी एक पाय उचलून रंगमंचावर तशीच उभी राहिली. "तेव्हापासून मी दोन प्लेअर नेते, दोन तबकड्या नेते, आणि तरीही टाळ घेऊन विंगेत बसते," बाई म्हणाल्या. तिसरा एक तरुण. त्याने आजोबांसाठी स्वस्तातला प्लेअर घेतला होता आणि तो वर्षभरात दुसऱ्यांदा बंद पडला होता. तो कंपनीच्या नावाने यथेच्छ तोंडसुख घेत होता. चाचांनी झाकण उघडले आणि आतला एक कपॅसिटर चिमट्याने दाखवला. डोके फुगून आलेल्या पुरीसारखे वर आलेले.

"दहा रुपयांची चीज," चाचा म्हणाले. "बनवणाऱ्याने दोन रुपये वाचवले, तुम्ही प्लेअर फेकायला निघालात. दोघंही सारखेच."

मग त्यांनी आम्हा सर्वांनाच, हात चालू ठेवून, एक छोटे व्याख्यान दिले. मी वीस वर्षांहून अधिक काळ व्याख्याने देतो आहे. पण इतके मुद्देसूद मला क्वचितच जमले असेल. प्लेअर का बिघडतात? एक, ताटली ओढणारा रबरी पट्टा. वापर नसला की तो कडक होतो, वंगण सुकते. दोन, भिंगावर बसणारी पुटे. "लोक प्लेअर देवघराखाली ठेवतात. गणपतीत आरत्या लावतात आणि धूप त्याच्याच तोंडासमोर. स्वयंपाकघर जवळ असलं की फोडणीचा धूर. मग बिचाऱ्याला दिसणार कसं?" तीन, वीज पुरवणाऱ्या भागातले हे फुगीर कपॅसिटर. आणि चार, लेसर म्हातारा होणे.

माझी पाळी आली. मी तापकीर गल्लीतले निदान सांगितले. सिनेमा लागतो, ओव्या लागत नाहीत. तेव्हा तबकडी गेली. चाचांनी स्वतःच्या खणातून एक गाण्यांची विकत मिळते तशी कोरी करकरीत सीडी काढली आणि माझ्या प्लेअरमध्ये घातली. 'नो डिस्क'.

"ही पण गेली का?" त्यांनी विचारले.

मी खजील झालो. घरात गाण्यांच्या चाळीस सीडी पडल्या असताना त्यांतली एकही लावून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

गोष्ट अशी होती. सीडी ही आधीची; जपानात ती १९८२ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. डीव्हीडी १९९६ ची. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या. पण सीडी वाचायला एक लेसर लागतो आणि डीव्हीडीला दुसरा, अधिक बारीक नजरेचा. डीव्हीडी प्लेअरमध्ये हे दोन्ही डोळे शेजारी शेजारी असतात. माझ्या प्लेअरचा एक डोळा शाबूत होता, म्हणून तो सिनेमा दाखवत होता. दुसरा मिटला होता. त्याला ओव्या दिसतच नव्हत्या आणि म्हणून तो प्रामाणिकपणे सांगत होता की तबकडी नाही!

"आणि संगणक बंद पडला तो?" मी विचारले. चाचांनी माझा सुंदर गोल कागद बोटाने दाखवला. संगणक तबकडीला फार वेगाने फिरवतो. कागद थोडा जरी एका बाजूला चिकटला असला तरी ती डळमळते. घरातला प्लेअर ती सावकाश फिरवतो. आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे पाचशे फेरे, बाहेर येईपर्यंत दोनशे. आता तो कागद काढू नका, असेही त्यांनी बजावले. सीडीचा मजकूर खालच्या चकचकीत बाजूला असतो असे आपण समजतो. खरे तर तो वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूला, पातळ लाखेखालीच असतो. कागद ओढला तर त्याच्याबरोबर आजीही निघून यायची.

"बाजारातून नवा डोळा आणवतो. चार वाजता या," चाचा म्हणाले.

मधल्या वेळात मी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटकडे चालत गेलो. तिथे पितळी कर्ण्यांचे ग्रामोफोन रांगेने मांडलेले असतात, आणि लाखेच्या जुन्या तबकड्यांचे गठ्ठे पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली झाकलेले. एका दुकानदाराने हँडल फिरवून किल्ली दिली आणि एक तबकडी लावली. वीज नाही, लेसर नाही. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. एक पोलादी सुई खाचेतून फिरते आणि गेलेल्या जमान्यातली कोणी गायिका, आधी खरखर करून, मग स्वच्छ गाऊ लागते. त्या तबकडीवरची खाच डोळ्यांना दिसते, नखाला लागते. उद्या सारे ग्रामोफोन नष्ट झाले तरी एखादा हुशार मुलगा सुई आणि कागदाचा कर्णा घेऊन तिच्यातून काहीतरी आवाज काढील. सीडीवर पाच किलोमीटरहून लांब अशी एकच नागमोडी वाट असते, आणि तिचे चाळीसएक फेरे एका केसाच्या जाडीत बसतात. ती वाट माणसाच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. तिला एक यंत्र लागते, आणि यंत्राला एक चाचा. आजीचा आवाज मी सुरक्षित ठेवला आहे असे इतकी वर्षे मानत होतो. मी तो एका अशा पेटीत ठेवला होता जिची किल्ली माझ्यापाशी नव्हती.

चार वाजता परतलो तेव्हा नृत्यशिक्षिका गेल्या होत्या. पारशीबाबा मात्र काम झाले असूनही बसून होते. त्यांनाही ऐकायचे होते. चाचांनी तबकडी मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली (गोल गोल पुसू नये, वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा अधिक घातक असतो) आणि ताटलीत ठेवली. थोडी घरघर झाली. मग जात्याचा आवाज आला.

त्या खोलीत आमचे गाव आले. दगडावर दगड फिरल्याची ती जड गुरगुर, मध्येच बांगड्यांचा आवाज, कोठेतरी कोंबडा, आणि मग आजी. पंधरा-सोळा वर्षे मी तो आवाज ऐकला नव्हता. पारशीबाबांनी डोळे मिटले. भाषा त्यांना कळत नव्हती; पण ते मानेने ताल धरत होते. चाचा कान देऊन ऐकत होते. तिसऱ्या भागाच्या सुमारास त्यांनी विचारले, "ही दुसरी बाई कोण?"

"दुसरी कोण? आजी एकटीच आहे."

"दोघी आहेत. ऐका नीट. एकीनं ओळ टाकली की दुसरी उचलते."

आणि मला ती ऐकू आली. बारीक, थोडी मागची, जात्याच्या पलीकडून आलेली. जात्याला खुंटा एकच असतो, पण दळताना हात दोघींचे लागतात. समोर आई बसली होती. मी तेव्हा टेपरेकॉर्डर आजीच्या बाजूला ठेवला होता. कागदावर नाव आजीचे घातले होते. प्रबंधिकेत 'गायिका' या रकान्यात आजीचेच नाव लिहिले होते.

पाच भाग नीट वाजले. सहावा सुरू झाला आणि एका ओळीवर अडकून खर्रखर्र करत थांबला. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे शेवटचा भाग अगदी कडेला, जिथे आपली बोटे लागतात, हवा-दमट शिरते. घरी भरलेल्या सीडीत मजकूर एका रंगाच्या थरावर उमटवलेला असतो. तो थर कडेकडून खराब होऊ लागला होता. चाचांनी दोनदा प्रयत्न केला आणि मान हलवली. "हे माझ्या हातात नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्या दुसऱ्या बाई कोण म्हणालात?"

"आई."

"आहेत?"

"आहेत. साताऱ्यात, ताईकडे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

त्यांनी पाच भागांच्या दोन नव्या प्रती करून दिल्या, वर पेनड्राइव्हवरही उतरवून दिले. सगळे मिळून साडेसहाशे रुपये झाले. निघताना म्हणाले, "पंधरा दिवसांतून एकदा तरी चालवत जा. बसून राहिलं की यंत्र लवकर मरतं. माणूससुद्धा."

पुढच्या रविवारी प्लेअर घेऊन साताऱ्याला गेलो. आई भाजी निवडत बसली होती. ओव्या सुरू झाल्या तशी तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. सासूचा आवाज ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला. स्वतःचा आवाज ऐकून मात्र ती हसली. मी कबुली दिली की इतकी वर्षे तो मला ऐकूच आला नव्हता. "समोर बसले होते की मी," ती म्हणाली. बस, एवढेच. रागावली असती तर बरे वाटले असते.

सहावा भाग आला, आणि त्याच ओळीवर तबकडी अडकली. मी बंद करायला उठणार, तोच आईने पुढची ओळ उचलली. जशी तेव्हा उचलत असे तशी. आवाज आता जाड झाला आहे, श्वास पुरत नाही. तरी ती थांबली नाही. माझ्या वहीत ज्या ओव्यांची नोंद नव्हती अशाही तीन-चार मध्येच आल्या. "या कुठल्या?" मी विचारले. "या माझ्या माहेरच्या. तू कधी विचारल्यास?"

शेकडो वर्षे ओव्या टिकल्या त्या कोणत्या थरावर नव्हे. एकीने ओळ टाकायची आणि समोरचीने उचलायची, एवढीच त्यांची व्यवस्था होती. दर सकाळी त्यांची एक नवी प्रत निघत असे. हे मी वर्गात मुलांना दर वर्षी शिकवतो, परीक्षेत त्यावर प्रश्नही काढतो.

भाची धावत येऊन म्हणाली, "आजी, थांब, मोबाइलवर घेते."

"मोबाइल मग लाव," आई म्हणाली. "आधी इथं समोर बस."

प्लेअर परत आमच्या टीव्हीखाली आहे. एक रविवार आड मी तो चालवतो. यंदाच्या साफसफाईत हिने तो जुना प्रश्न विचारला नाही. उलट देवघराजवळून त्याची जागा हलवली आणि वर एक विणलेला रुमाल घातला. साताऱ्याला भाचीच्या आतापर्यंत अकरा ओव्या पाठ झाल्या आहेत. ताईच्या आठ झाल्या. माझ्या चार, पण आई म्हणते, माझी चाल चुकते.